रविवारचं मीठ

आमच्या दुकानातल्या बोक्याने तार गिळली, म्हणून माझी आणि डॉक्टरांची ओळख झाली. त्यात बोक्याचा हेतू काही नव्हता, माझाही नव्हता.

बोक्याचं नाव मुकादम. काकांचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान आहे. तिथे मी आठ वर्षं काम करते आणि मुकादम सहा. त्याच्याकडे उंदरांचं खातं आहे. वाद्यांचे सांधे आम्ही सरसाने जोडतो. सरस म्हणजे जनावरांचं कातडं उकळून केलेला चिकट पदार्थ, आणि उंदरांना तो भारी आवडतो. मुकादम नसता तर आमच्या कपाटात नुसत्या फळ्या उरल्या असत्या. तर असा हा कामाचा बोका एका दुपारी तोंडातून तारेचं शेपूट लोंबकळवत माझ्यासमोर आला, आणि मी ते धरायच्या आत त्याने तेही गिळून टाकलं.

जनावरांचा दवाखाना पुढच्याच चौकात होता. मी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून नेलं.

"काय गिळलं?" डॉक्टरांनी विचारलं. ते खाली मान घालून हात पुसत होते.

"तार."

"लोखंडाची?"

"आतड्याची."

आता त्यांनी मान वर केली. "कोणाच्या?"

"मेंढीच्या. व्हायोलिनची तार आहे. जुन्या वाद्यांना लावतो आम्ही."

"मग मेजवानीच झाली याची." त्यांनी मुकादमाचं पोट दाबून बघितलं. "स्टीलची असती तर बहुतेक पोट उघडावं लागलं असतं. ही विरघळेल. तरी दोन दिवस नजर ठेवा, खाणं सोडलं तर लगेच आणा."

माझ्या जिवात जीव आला. "म्हणजे जनावराची होती म्हणून वाचला."

"मेंढी नाही वाचली," ते म्हणाले.

हे त्यांनी ताप किती आहे ते सांगावं तसं सांगितलं. टोमणा नव्हता. मी टॉवेलची घडी घालायला लागले. मुकादम एरवी कोणाला अंगाला हात लावू देत नाही. तो त्यांच्या कोपरावर हनुवटी टेकून डोळे मिटून पडला होता. मला थोडा हेवा वाटला... कोणाचा, ते तेव्हा नीट कळलं नाही.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी उगाच वाट बघत बसायला नको. मी मांस खाते, आवडीने खाते, आणि या गोष्टीच्या शेवटी ते सोडत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला डॉक्टर दुकानात आले. म्हणे, बोक्याला बघायला. काखेत व्हायोलिनची पेटी होती.

"बोका बरा आहे," मी म्हटलं. "पेटीला काय झालंय?"

त्यांनी पेटी उघडली. "आईचं आहे. ती जाऊन दोन वर्षं झाली. परवा काढून बघितलं तर मागची बाजू सुटलेली."

मी व्हायोलिन हातात घेतलं. पाठीचा सांधा वीतभर उघडला होता. लाकूड चांगलं होतं, कुठे तडा नव्हता. दोन तासांचं काम, वर एक दिवस शिकंज्यात, म्हणजे लाकडी पकडीत आवळून ठेवायचं. मी तसं सांगितलं. त्यांचं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या शेगडीकडे होतं. गरम पाण्याच्या भांड्यात सरसाची वाटी ठेवलेली होती.

"हा वास माझ्या ओळखीचा आहे," ते म्हणाले. "कातडं."

"नाक चांगलं आहे तुमचं."

"माझी एक अट आहे. या दुरुस्तीला जनावराचं काही वापरू नका."

काकांनी पलीकडून चष्म्यावरून बघितलं. मी हसू दाबलं. "डॉक्टर, याचा एकूण एक सांधा सरसाचाच आहे. तुमच्या आईने हातात घेतलं त्याच्याही आधीपासून."

"ते झालं ते झालं. त्यासाठी जे जनावर गेलं ते आता परत येणार नाही. माझ्यापायी नवं नको, एवढंच."

मग मी त्यांना आमच्या धंद्यातली गोम सांगितली. वाद्याचं लाकूड हवेप्रमाणे फुगतं, आकसतं. ताण फार झाला की सरसाचा सांधा सुटतो आणि लाकूड वाचतं. कोमट पाणी आणि पातळ सुरी एवढ्यावर तो मुद्दामही उघडता येतो. बाजारातला पक्का गोंद लावला तर सांधा सुटणार नाही. त्याऐवजी लाकूड फाटेल.

"कधी?"

"पुढच्या वर्षी. नाहीतर वीस वर्षांनी. नाहीतर कधीच नाही."

"फाटलं तर फाटलं," ते म्हणाले. पण बोलताना त्यांचा अंगठा त्या सांध्यावरून हळूच फिरत होता.

"ठीक आहे. गोंद लावते."

"नक्की?"

"शब्द देते."

असा मी शब्द दिला. काकांनी तो ऐकला, मुकादमाने ऐकला.

पुढचा आठवडाभर लाकूड वाळण्याची वाट बघायची होती, कारण सांध्यात ओल शिरली होती. डॉक्टर रोज पाचला यायचे. बोक्याची तब्येत इतक्या बारकाईने बघितलेली मी कधी पाहिली नव्हती. चहा बिनदुधाचा घ्यायचे. मी आमच्या दुधाळ चहाचा कप हातात धरून त्यांची उलटतपासणी करायचे.

"मध?"

"नाही."

"लोकर?"

"नाही."

"बूट?"

त्यांनी कापडी बूट पुढे करून दाखवला. अंगठ्याशी भोक पडलं होतं.

"आणि डास चावला तर?"

"आधी समजावून सांगतो."

"नाही ऐकलं तर?"

"तर मारतो. मी काही संत नाही." ते हसले. त्यांच्या डाव्या गालावर पाळीव पोपटाने चावल्याचा जुना व्रण आहे, हसले की तो आत जातो. हे मला का लक्षात राहिलं ते मी काकांना सांगितलं नाही.

"कशामुळे सोडलंत?" एकदा मी विचारलं.

"मोठं काही घडलं नाही. शिकत असताना सकाळी ज्यांना तपासायचं त्यांनाच दुपारी ताटात घ्यायचं, ते मला जमेना. इतरांना जमतं. माझ्याबरोबरचे बहुतेक जण खातात आणि माझ्यापेक्षा चांगले डॉक्टर आहेत."

"मग आम्हाला कधी उपदेश नाही करत?"

"नाही."

"का?"

"कंटाळा येतो. शिवाय..." ते थांबले. "तुम्ही ऐकणाऱ्यातल्या वाटत नाही."

मी कप उचलून आत गेले, कारण तोंड लाल झालं होतं. हा माणूस मला आवडायला लागला होता. त्यांनी मला खाऊ नका म्हटलं असतं तर भांडून मोकळी झाले असते. ते काही म्हणतच नव्हते, ही खरी अडचण होती.

रविवारी मी खाटकाच्या दुकानात गेले. रांग होती. माझ्यापुढे सहा माणसं आणि सगळ्यात पुढे एक ओळखीची पाठ. खालचे कापडी बूटही ओळखीचे.

"डॉक्टरांचं काढून ठेवलंय," खाटीक म्हणाला. "अर्धा किलो, कोवळं, बिनहाडाचं. तुकडे नेहमीसारखे बारीक केलेत."

"कालचं नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हाला कालचं देईन का? दर रविवारचं गिऱ्हाईक तुम्ही."

त्यांनी पुडी पिशवीत ठेवली आणि खाली मान घालून निघून गेले. मला बघितलं नाही. मी रांगेत तशीच उभी होते. माझा नंबर आला तेव्हा काय घ्यायला आले होते तेच आठवेना.

मला राग आला, साधासुधा नाही, डोक्यात तिडीक गेली. मेंढी नाही वाचली म्हणे. नवं जनावर नको म्हणे. आणि मी मूर्खासारखी मधाबद्दल विचारत बसले होते. त्यांनी उघड खाल्लं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं, मी स्वतः पिशवी घेऊनच उभी होते. पण मला आठवडाभर बनवलं, हे मला सोसवेना.

सोमवारी सकाळी मी शेगडी पेटवली आणि त्यांच्या आईच्या त्या व्हायोलिनला सरस लावला.

मनाशी मी म्हटलं, लाकडाच्या भल्यासाठीच लावतेय, कुठलाही कारागीर हेच करेल. ते खरंही होतं. पण हात चालला तो रागाने. काकांनी शेगडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ते पुन्हा आपल्या कामाला लागले. दुसऱ्या दिवशी शिकंजे काढले. सांधा असा बसला होता की नखालाही लागू नये.

त्या आठवड्यात डॉक्टर आलेच नाहीत. गावोगावी जनावरांना लस टोचायला गेले होते. शनिवारी त्यांचा फोन आला. उद्या सुट्टी आहे, पण घर सोडता येणार नाही, व्हायोलिन घरी आणून द्याल का? मी लगेच हो म्हटलं. रविवारी, जेवणाच्या वेळेला, त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत जायला मिळत होतं. रंगेहाथ पकडायचं आणि व्हायोलिन हातात ठेवून एक वाक्य बोलून परत फिरायचं. ते वाक्यही मी बसमध्ये जुळवून ठेवलं होतं.

दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. एका हातात काठी, दुसरा भिंतीवर.

"व्हायोलिनवाल्या ना तुम्ही? या. मी त्याचा बाप. काय शिजतंय ते वासावरून कळलंच असेल."

"कळलं," मी म्हटलं. "डॉक्टर आवडीने खातात वाटतं."

"तो? छे. दहा वर्षांत तोंडात घातलेलं नाही. माझ्यासाठी करतो. मला शेगडीशी उभं राहवत नाही आणि दात तर कधीच गेले. ही होती तोवर ही करायची. ही गेल्यावर मी म्हटलं, राहू दे, तू देशील ते खाईन. तर म्हणतो, रविवारचं तुमचं बंद व्हायचं नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "करतो छान. मिठाचं तेवढं काही खरं नाही. चाखत नाही ना. एक रविवार अळणी, एक रविवार खारट. दोन वर्षं चाललंय. त्याला सांगू नका."

माझं जुळवलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. पेटी हातात एकदम जड झाली.

स्वयंपाकघरात डॉक्टर पातेल्यासमोर हातात डाव घेऊन उभे होते. चष्म्यावर वाफ धरली होती. "बरं झालं आलात," ते म्हणाले. "एक काम सांगू? तुम्ही खाता, म्हणून विचारतो... जरा चाखून सांगाल?"

त्यांनी चमच्यात थोडं घेऊन, फुंकर मारून माझ्यापुढे धरलं. मी चाखलं.

"मीठ कमी आहे."

"किती?"

"थांबा." मी डबा घेतला, दोन चिमटी टाकल्या, ढवळलं, पुन्हा चाखलं. "आता बघा. म्हणजे... तुम्ही नका बघू. झालंय."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे नुसतं बघत राहिले. असं माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं. आणि माझ्या पायाशी ती पेटी होती.

बाबांनी त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं. पहिल्या घासाला त्यांनी डोळे मिटले, मग मला म्हणाले, "तू दर रविवारी येत जा गं." जेवणानंतर डॉक्टरांनी व्हायोलिन काढलं, पाठीवरून हात फिरवला, सांधा सापडेना तेव्हा हसले. मग त्यांनी वाजवलं. अतिशय वाईट वाजवलं. बाबा खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. त्या वेळी काही सांगणं शक्य नव्हतं, असं मी अजूनही म्हणते, पण ते पूर्ण खरं नाही. मला भीती वाटली.

मग मी तीन रविवार गेले. मीठ बघायचं, जेवायचं, मग डॉक्टर मला बसपर्यंत सोडायला यायचे. बसथांबा दहा मिनिटांवर होता आणि आम्हाला पाऊण तास लागायचा.

"मांस तुम्ही आणता," एकदा मी विचारलं. "मग ते जनावर तुमच्यापायीच ना?"

"हो. दर रविवारी रांगेत उभा राहून मी याचाच विचार करतो. बाबांची भूक बाबांची, ती मारणारा मी कोण? पण पुडी तर माझ्या हातात असते." त्यांनी वाटेतला एक दगड पायाने बाजूला सारला. "उत्तर सापडायच्या आत नंबर लागतो."

मला तेव्हा त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. ज्या हाताने सरस लावला तोच पुढे करायचा होता.

चौथ्या रविवारी बसथांब्यावर त्यांनीच सुरुवात केली. "मला तुम्हाला काही सांगायचंय..."

"आधी माझं ऐका," मी म्हटलं. आणि सांगून टाकलं. खाटकाचं दुकान, रांग, राग, शेगडी. सगळं. एका दमात, त्यांच्या बुटाकडे बघत.

एक बस आली आणि गेली.

"मला ढोंगी समजलात," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"ते चालेल. मीही समजलो असतो. पण मला विचारायचं होतं ना. भांडायचं होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "घरात मांस शिजतं, दवाखान्यातली औषधं कशाकशावर तपासलेली असतात ते मला माहीत आहे, जग काही माझ्या म्हणण्याने चालत नाही. ही एकच लहानशी गोष्ट होती, जी सगळी माझ्या मनाप्रमाणे करता येणार होती. आणि ती तुम्ही परस्पर ठरवलीत."

"काय सांगणार होतात तुम्ही?"

"आता नाही सांगत," ते म्हणाले, आणि वळून गेले.

मी रडले का? रडले. घरी जाऊन, नीट दार लावून रडले. मग सोमवारी दुकानात गेले आणि मैदा आणला.

पुस्तकं बांधणारे मैद्याची खळ वापरतात. ती पाण्याने सुटते आणि तिच्यासाठी कोणी मरत नाही. पण ती कागदाला पुरते, तार ताणलेल्या वाद्याला पुरेल का, हे आमच्या दुकानात कोणी कधी बघितलं नव्हतं. मी लाकडाचे तुकडे जोडायला लागले. पातळ खळ, घट्ट खळ, दोनदा शिजवलेली, गाळलेली. प्रत्येक जोड वाळला की छताला टांगायचा आणि खाली वजन बांधायचं. पहिले सात जोड सुटून पडले. एक मुकादमाच्या शेपटीवर पडला, तेव्हापासून तो त्या कोपऱ्यात फिरकला नाही.

"हे दुकान आहे की स्वयंपाकघर?" काकांनी विचारलं.

"बाजारातला गोंद लावला तर लाकूड फाटेल, काका. सरस लावला तर शब्द मोडतो."

"आणि तो माणूस परत आलाच नाही तर?"

"तर शब्द तरी पाळलेला असेल."

दुपारी काकांनी आपणहून खळ ढवळली.

अकरावा जोड टिकला. पाच दिवस टांगलेला राहिला. सहाव्या दिवशी पाच वाजता दार वाजलं आणि डॉक्टर आत आले. काखेत पेटी होती. बोक्याची चौकशी केली नाही.

"उघडता येतं म्हणाला होतात," ते म्हणाले.

"येतं."

"मग उघडा."

मी सुरी कोमट पाण्यात बुडवली. सांध्यावर ओलं फडकं ठेवलं. थोड्या वेळाने कातड्याचा तो वास आला, तो त्यांनी ओळखला, आणि मी मान खाली घातली. सुरीचं टोक आत सरकवलं आणि सांधा हळूहळू, टिक टिक करत सुटला. लाकडाला ओरखडाही आला नाही.

"पक्का गोंद लावला असता तर?" त्यांनी विचारलं.

"तर आज मला काही दुरुस्त करता आलं नसतं."

मी सगळा सरस पुसून काढला. मग छताला टांगलेला अकरावा जोड दाखवला, फरशीवरचे दहा दाखवले. ते खाली बसून एकेक तुकडा उचलून बघायला लागले. प्रत्येकावर मी तारीख घातली होती. पहिली तारीख बसथांब्यावरच्या त्या रविवारच्या दुसऱ्या दिवसाची होती. तिच्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हा मैदा आहे?"

"मैदा आणि पाणी. लावू?"

"लावा."

खळ लावताना व्हायोलिन दोन्ही बाजूंनी दाबून धरावं लागतं. त्यांनी धरलं. त्यांच्या बोटांमधून मी शिकंजे बसवत होते.

"किती टिकेल?"

"खरं सांगू? माहीत नाही. एक वर्ष, जास्तीत जास्त. मग सुटेल."

"मग?"

"मग परत या. परत लावीन."

"दर वर्षी?"

"दर वर्षी." शेवटचा शिकंजा आवळला. आता न बोलून चालण्यासारखं नव्हतं. "मला तुम्ही आवडता, डॉक्टर. मांसही आवडतं. दोन्ही खरं आहे, आणि यापुढे तुम्हाला खरंच सांगणार आहे."

त्यांच्या गालावरचा व्रण आत गेला. "पहिलं आधी सांगितलंत, तेवढं बरं केलंत."

"आणि तुम्ही बसथांब्यावर काय सांगणार होतात?"

"हेच. मांसाचं सोडून." त्यांनी अजून व्हायोलिन सोडलं नव्हतं. शिकंजे लागल्यावर धरायची गरज नसते, हे मी त्यांना सांगितलं नाही. माझीही बोटं तिथेच होती. "बाबांचा निरोप आहे. सलग दोन रविवार खारट झालंय. ते म्हणतात, भांडण तुमचं, शिक्षा मला का?"

तो सांधा दहा महिन्यांनी सुटला. पुन्हा लावला तो नऊ महिन्यांनी. आता मी पाचव्यांदा लावलाय. रविवारी मीठ मी बघते. पुडी आणायला आम्ही दोघं जातो, रांगेत उभे राहतो, आणि डॉक्टरला अजून त्या प्रश्नाचं उत्तर सापडलेलं नाही. मी बाबांबरोबर जेवते, तो समोर बसून आपलं जेवतो. कधी कधी माझा हात मध्येच थांबतो, मग पुन्हा चालतो. तो बघतो आणि मीठ माझ्याकडे सरकवतो.

काका कुरकुर करतात. एवढ्या वेळा परत येणारं गिऱ्हाईक दुकानाला शोभत नाही म्हणतात. मी म्हणते, गिऱ्हाईक कुठलं, काका, व्हायोलिन सकाळी मीच आमच्या घरून घेऊन येते.